राज्यशास्त्र विभागांची सर्वेक्षणे : माहिती-संकलनाच्या पद्धतीची चिकित्सा

गोषवारा

मतदार, पक्ष आणि शासनसंस्था यांच्याविषयी माहिती कशी गोळा करावी याची शिस्त राज्यशास्त्र शिकविते. हीच शिस्त राज्यशास्त्राच्या स्वतःच्या शैक्षणिक विभागांविषयी माहिती गोळा करताना कितपत पाळली जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अमेरिकेत १९२५ पासून २०१० पर्यंत झालेली विभागीय मूल्यमापने आणि भारतातील अलीकडच्या काळातील माहिती-संकलनाच्या यंत्रणा यांचा येथे चिकित्सक विचार केला आहे. विभागाची व्याख्या, उत्तरदात्याची निवड, प्रकाशनांची मोजणी आणि उत्तर देण्यामागील हेतू या चार टप्प्यांवर घेतलेले निर्णयच निष्कर्ष घडवितात. ते उघडपणे मांडले जात नाहीत तोवर विभागांचे क्रमांक ही मोजणी न राहता केवळ घोषणा ठरते, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजशब्द : विभागीय सर्वेक्षण, मानांकन, नावलौकिक, प्रतिसाद, राज्यशास्त्र, मराठी ज्ञानव्यवहार

१. प्रस्तावना

संशोधनपद्धतीच्या तासाला राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीचे उदाहरण हमखास सांगितले जाते. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांच्या आधारे आल्फ्रेड लँडन विजयी होणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. ज्या याद्यांवरून पत्ते घेतले त्या याद्या सर्व मतदारांच्या प्रतिनिधी नव्हत्या आणि ज्यांनी उत्तरे पाठविली ते न पाठविणाऱ्यांसारखे नव्हते. उत्तरांची संख्या मोठी असणे म्हणजे माहिती विश्वसनीय असणे नव्हे, हा या उदाहरणाचा धडा होय.

भारतातही हा धडा चांगला गिरविला गेला आहे. दिल्लीच्या 'विकसनशील समाज अध्ययन केंद्रा'ने १९६७ मध्ये पहिले राष्ट्रीय निवडणूक सर्वेक्षण केले. पुढे १९९० च्या दशकात त्याच केंद्राच्या 'लोकनीती' या उपक्रमातून राज्याराज्यांतील अभ्यासकांचे जाळे उभे राहिले. त्यात महाराष्ट्रातील राज्यशास्त्राच्या अध्यापकांचा आणि विद्यार्थ्यांचा वाटा लक्षणीय आहे. मतदारयादीतून नमुना निवडणे, यादीत आलेल्याच व्यक्तीची मुलाखत घेणे, प्रश्नाचे शब्द प्रत्येक भाषेत तपासून घेणे आणि प्रश्नाच्या क्रमाचाही उत्तरावर परिणाम होतो हे ध्यानात ठेवणे, ही शिस्त या कामातून अनेक महाविद्यालयांपर्यंत पोहोचली.

या पार्श्वभूमीवर एक विसंगती ठळकपणे नजरेत भरते. जो अध्यापक मतदाराला प्रश्न विचारताना इतकी काळजी घेतो, त्याच्याच विभागाविषयी जेव्हा माहिती मागविली जाते तेव्हा यांपैकी जवळजवळ कोणतीही काळजी घेतली जात नाही. प्रश्न कोणी आणि कशासाठी तयार केला, 'विभाग' या शब्दाने नेमके काय अभिप्रेत आहे, उत्तर देणाऱ्याला उत्तर माहीत असण्याची शक्यता किती, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांचे काय झाले, हे प्रश्न क्वचितच उपस्थित होतात. वास्तविक अशा माहितीवर पदे, अनुदान, विद्यार्थ्यांची निवड आणि विभागांचे अस्तित्वही अवलंबून असते. म्हणून या माहितीच्या जन्मकथेची चिकित्सा आवश्यक ठरते.

२. 'विभाग' कोणास म्हणावे?

सर्वेक्षणातील पहिला निर्णय गणनेच्या एककाचा असतो. मतदार कोण हे कायद्याने ठरलेले असते. राज्यशास्त्राचा विभाग कोणता हे मात्र कोणत्याही कायद्याने ठरलेले नाही. हार्वर्ड आणि कॉर्नेल येथे हा विषय 'शासन' या नावाच्या विभागात शिकविला जातो, तर प्रिन्स्टन येथे 'राजकारण' या नावाच्या विभागात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शासन आणि आंतरराष्ट्रीय संबंध असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. ऑक्सफर्डमध्ये मात्र ही दोन्ही क्षेत्रे एकाच विभागात नांदतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राजकीय अध्ययनाचे केंद्र सामाजिकशास्त्रांच्या संकुलात आहे आणि आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी वेगळे संकुल आहे. मुंबई विद्यापीठातील विभागाच्या नावात नागरिकशास्त्र आणि राजकारण एकत्र आले आहेत. पुणे विद्यापीठातील विभाग दीर्घकाळ राजकारण व लोकप्रशासन अशा जोड नावाने ओळखला गेला.

हा केवळ नामभेदाचा प्रश्न नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्यापक गणनेत धरले तर एका विद्यापीठाची अध्यापकसंख्या, प्रकाशने आणि पीएच.डी. यांचे आकडे एकदम फुगतात. वगळले तर ते तितकेच आक्रसतात. लोकप्रशासन, सार्वजनिक धोरण आणि मानवी हक्क या अभ्यासक्रमांबाबतही हेच म्हणता येते. म्हणजे दोन विद्यापीठांच्या क्रमांकांत दिसणारा फरक हा पुष्कळदा ज्ञानाच्या दर्जातील नसून प्रशासकीय रचनेतील फरक असू शकतो. एकक ठरविणाऱ्याने निम्मा निकाल आधीच लिहिलेला असतो.

एककाच्या प्रश्नाला लागूनच दुसरा प्रश्न येतो, तो म्हणजे अध्यापक कोणास म्हणावे? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीएच.डी. अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनात ही अडचण फार मोठी ठरली. मुख्य अध्यापक आणि संलग्न अध्यापक अशा व्याख्या केलेल्या असूनही वेगवेगळ्या विद्यापीठांनी त्यांचा वेगवेगळा अर्थ लावला. एखाद्या विद्यापीठाने संलग्न अध्यापकांची लांब यादी दिली की दरडोई प्रकाशनांचे प्रमाण घसरे. यादी आखूड ठेवली की ते वाढे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हा प्रश्न याहून बिकट रूपात उभा राहतो. येथे राज्यशास्त्राचा विभाग म्हणजे पुष्कळदा एक किंवा दोन पूर्णवेळ अध्यापक आणि त्यांच्या सोबतीला तासिका तत्त्वावर काम करणारे सहकारी. मंजूर पद रिक्त असते, कार्यभार मात्र असतो आणि तो तासिका तत्त्वावरील अध्यापक उचलतात. माहितीपत्रकात 'पूर्णवेळ अध्यापकांची संख्या' हा एकच रकाना असेल तर वर्ग प्रत्यक्षात चालविणारी व्यक्ती अदृश्य होते. उलट सर्वांना एकत्र मोजले तर रिक्त पद अदृश्य होते आणि विभाग सुस्थितीत असल्याचा भास निर्माण होतो. दोन्ही उत्तरे खरी असूनही दोन्ही दिशाभूल करणारी असतात. दोष उत्तर देणाऱ्याचा नसतो. तो रकान्याचा असतो.

३. मताची मोजणी : नावलौकिकाची सर्वेक्षणे

विभागांच्या दर्जाविषयी मते मागविण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. रेमंड ह्यूजेस यांनी १९२५ मध्ये विविध विषयांतील मान्यवरांची मते घेऊन पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या संस्थांची प्रतवारी केली. हेवर्ड केनिस्टन यांच्या १९५९ मधील अहवालासाठी २५ प्रमुख विद्यापीठांतील विभागप्रमुखांकडे विचारणा झाली होती. राज्यशास्त्रापुरते बोलायचे तर अल्बर्ट सोमिट आणि जोसेफ टॅननहाऊस यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात राज्यशास्त्रज्ञांच्या प्रश्नावलीच्या आधारे विभागांच्या नावलौकिकाची नोंद केली. अॅलन कार्टर यांचा अहवाल १९६६ मध्ये आला. नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९५ च्या अहवालात ४१ विषयांतील ३,६३४ अभ्यासक्रमांचा समावेश होता आणि त्यातही समव्यावसायिकांचे मत हाच कणा होता. 'यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' हे नियतकालिक राज्यशास्त्राच्या पीएच.डी. अभ्यासक्रमांची क्रमवारी विभागप्रमुख आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे संचालक यांनी १ ते ५ या श्रेणीत दिलेल्या गुणांवरूनच लावत आले आहे.

या पद्धतीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो व तो पूर्णपणे दुर्लक्षिण्याजोगा नाही. विद्वत्तेची पारख विद्वानच करू शकतात, आणि अनेकांच्या मतांची सरासरी एकट्याच्या लहरीपेक्षा बरी असते. तथापि या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, मत देणाऱ्याने त्या विभागातील काम वाचले आहे. एका व्यक्तीला शंभराच्या आसपास विभागांविषयी मत विचारले असता ती किती विभागांचे लेखन खरोखर वाचलेली असेल? जे वाचलेले नाही त्याविषयीचे मत विद्यापीठाच्या एकूण नावावरून, जुन्या क्रमवारीवरून आणि तेथे असलेल्या एकदोन प्रसिद्ध व्यक्तींवरून बनते. अशा वेळी सर्वेक्षण विभागाची कामगिरी मोजत नाही; ते मागच्या सर्वेक्षणाची स्मृती मोजते.

रॉबर्ट जॅकमन आणि रँडॉल्फ सिव्हर्सन यांनी १९९६ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या राज्यशास्त्रविषयक गुणांकनाचे विश्लेषण केले. विभागाचा आकार आणि तेथील अध्यापकांचे प्रकाशन यांचा नावलौकिकाशी निकटचा संबंध असल्याचे त्यातून पुढे आले. यातील प्रकाशनाचा भाग समजण्यासारखा आहे. आकाराचा भाग मात्र विचार करायला लावणारा आहे. मोठ्या विभागात माणसे अधिक असतात, म्हणून त्यांच्यापैकी कोणीतरी उत्तरदात्याच्या ओळखीचा असण्याचा संभव अधिक असतो. लहान विभागाने कितीही चांगले काम केले तरी त्याची ओळख कमी लोकांना असते. 'माहीत नाही' हे प्रामाणिक उत्तर आहे. पण ते देण्याऐवजी मधली श्रेणी देऊन मोकळे होण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे. मतदाराच्या बाबतीत राज्यशास्त्र अशा उत्तराला मत मानण्याचे टाळते. विभागाच्या बाबतीत मात्र ते दशांश चिन्हानंतरच्या अंकापर्यंत छापले जाते.

४. आकड्यांची मोजणी : प्रकाशने आणि त्यांची गाळणी

मतांवर विसंबण्याला पर्याय म्हणून प्रकाशनांची मोजणी पुढे आली. सायमन हिक्स यांनी २००४ मध्ये राज्यशास्त्राच्या नियतकालिकांतील लेखांच्या आधारे जगातील २०० विभागांची क्रमवारी मांडली. नताली मासुओका, बर्नार्ड ग्रोफमन आणि स्कॉट फेल्ड यांनी २००७ मध्ये उद्धरणांच्या आधारे अभ्यासकांची आणि विभागांची पाहणी केली. त्याच वर्षी बेंजामिन श्मिट आणि मॅथ्यू चिंगोस यांनी विभागातून पीएच.डी. झालेल्यांना कोठे नोकरी मिळाली यावरून विभागांचे मूल्यमापन करण्याची पद्धत सुचविली. या अभ्यासांचा मोठा गुण असा की, त्यांची कृती उघड आहे. कोणती नियतकालिके घेतली, कोणता काळ धरला, भार कसा दिला हे वाचकाला कळते आणि त्याला वाद घालता येतो. नावलौकिकाच्या सर्वेक्षणाशी वाद घालण्याची सोयच नसते.

परंतु आकडेही गाळणीतूनच येतात. नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २०१० च्या अहवालाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २१२ विद्यापीठे, ६२ विषय आणि पाच हजारांहून अधिक अभ्यासक्रम इतका त्याचा विस्तार होता. विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि अध्यापक अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. २० निकष ठरविले गेले. एकच क्रमांक देण्याऐवजी प्रत्येक अभ्यासक्रमाचा क्रमांक कोणत्या दोन संख्यांच्या दरम्यान असू शकतो हे सांगितले गेले. अनिश्चिततेची ही प्रांजळ कबुली स्वागतार्हच होती. तथापि माहिती २००५-०६ या वर्षाची आणि प्रकाशन सप्टेंबर २०१० चे, यामुळे मधल्या काळात कित्येक विभागांतील माणसे बदलून गेली होती. आकड्यांतील चुकांविषयी तक्रारी आल्या आणि एप्रिल २०११ मध्ये सुधारित आकडे द्यावे लागले.

राज्यशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट ग्रंथांविषयीची होती. मानव्यविद्यांसाठी अध्यापकांच्या कार्यपरिचयातून ग्रंथांची गणना झाली. सामाजिकशास्त्रांसाठी मात्र नियतकालिकांच्या उद्धरणसूचीचा आधार घेतला गेला आणि ग्रंथ गणनेबाहेर राहिले. राजकीय विचार, तौलनिक राजकारण, राजकीय इतिहास या उपशाखांतील महत्त्वाचे काम ग्रंथरूपाने येते. संख्यात्मक वर्तनाभ्यासातील काम बहुतांशी लेखरूपाने येते. म्हणजे 'प्रकाशन' या साध्या शब्दाची व्याख्या करतानाच कोणत्या प्रकारचे राज्यशास्त्र श्रेष्ठ याचाही निवाडा नकळत होऊन गेला. २००० मध्ये अमेरिकेत 'पेरेस्त्रोइका' या नावाने जी चळवळ उभी राहिली तिची तक्रार याच प्रकारची होती : ज्ञानशाखेची प्रमुख नियतकालिके एकाच पद्धतीला झुकते माप देतात आणि इतर पद्धती परिघावर ढकलल्या जातात. त्याच नियतकालिकांची मोजणी करून विभागांचा दर्जा ठरविला तर परिघावरचे काम दुसऱ्यांदा परिघावर जाते, आणि या वेळी ते वस्तुनिष्ठतेच्या नावाखाली जाते.

५. उत्तर कोण देते आणि कशासाठी?

मतदार सर्वेक्षणात उत्तरदात्याला उत्तरातून काही मिळवायचे नसते. विभागाविषयी उत्तर देणारा विभागप्रमुख मात्र एकाच वेळी साक्षीदार आणि पक्षकार असतो. जे उत्तर तो देईल त्यावर त्याच्या विभागाचे हित अवलंबून असते. ही त्याच्या नीतिमत्तेवरील टीका नव्हे. ही त्याची संरचनात्मक स्थिती आहे. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात असे दाखवून दिले होते की, सामाजिक निर्णयांसाठी एखाद्या आकड्याचा जितका अधिक वापर होतो तितका तो आकडा विकृत होण्याचा संभव वाढतो. चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असेच निरीक्षण नोंदविले होते.

याची उदाहरणे अलीकडचीही आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच विद्यापीठाने क्रमवारीसाठी पुरविलेल्या आकड्यांवर शंका उपस्थित केली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठाने काही आकडे जुन्या किंवा चुकीच्या पद्धतीवर आधारलेले असल्याचे मान्य केले आणि नव्या क्रमवारीत ते दुसऱ्या स्थानावरून अठराव्या स्थानावर आले. इतक्या अवधीत अध्यापन किंवा संशोधन बदललेले नव्हते. बदलले होते ते कागदावरचे आकडे.

काही ठिकाणी संस्थांनी उत्तरच न देण्याचा मार्ग पत्करला. कॅनडात २००६ मध्ये ११ विद्यापीठांनी 'मॅक्लीन्स' नियतकालिकाच्या सर्वेक्षणाला माहिती देण्याचे नाकारले. जर्मनीत समाजशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये विभागांना उच्चशिक्षण-क्रमवारीतून बाहेर पडण्याचे आवाहन केले. अशा नकाराकडे केवळ असहकार म्हणून पाहता येत नाही. प्रश्नच चुकीचा आहे, हेही एक उत्तर असते. दुर्दैवाने बहुतेक अहवालांत या उत्तराला जागा नसते. ज्यांनी माहिती दिली नाही त्यांचा एक तर अंदाज बांधला जातो किंवा ते गाळले जातात.

भारतात चित्र वेगळे आहे, कारण येथे नकार देण्याची मुभा फारशी नाही. केंद्र शासनाचे उच्चशिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण २०१०-११ पासून होत आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजेच नॅकने, २०१७ मध्ये संख्यात्मक निकषांवर भर देणारी आणि विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश असलेली पद्धत आणली. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा, म्हणजे एनआयआरएफ, २०१५ मध्ये जाहीर झाला व त्याची पहिली यादी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. याशिवाय विद्यापीठ, संचालनालय आणि व्यवस्थापन यांची माहितीपत्रके असतातच. एकाच विभागाची तीच माहिती वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या व्याख्यांनी, वेगवेगळ्या नमुन्यांत भरली जाते. दोन सदस्यांच्या विभागात हे काम अध्यापनाच्या वेळेतून वजा होते. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून येणारा तगादा आणि विभागातील कार्यक्रमांचे स्वरूप यांचा संबंध कोणत्याही महाविद्यालयात पाहता येईल. कार्यक्रम झाला म्हणून अहवाल लिहिला जातो की अहवालात रकाना आहे म्हणून कार्यक्रम होतो, हे सांगणे कठीण होते.

मोजमाप उद्दिष्ट बनले की काय होते याचे सर्वांत परिचित उदाहरण प्रकाशनांचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या शैक्षणिक कामगिरीसाठी गुण ठरविले आणि लेख तसेच क्रमांकधारी नियतकालिके यांचे पेव फुटले. पुढे आयोगाला नियतकालिकांची मान्य यादी करावी लागली. मे २०१८ मध्ये त्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतर 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. या सर्व प्रवासात एकच गोष्ट सातत्याने टाळली गेली, ती म्हणजे लेख वाचून त्याविषयी मत बनविणे. यादीने वाचनाचे काम करावे अशी अपेक्षा होती आणि ते यादीला जमण्यासारखे नव्हते.

६. मराठीतील राज्यशास्त्र कोणत्या रकान्यात?

राष्ट्रीय क्रमवारी आराखड्यात प्रकाशनांची मोजणी 'स्कोपस' आणि 'वेब ऑफ सायन्स' या आंतरराष्ट्रीय सूचींवरून होते. या सूचींत मराठी नियतकालिकांना जवळजवळ स्थान नाही. 'समाज प्रबोधन पत्रिके'तील एखादा साधार लेख, मराठीतून लिहिलेला राजकीय विचारांवरील ग्रंथ किंवा जिल्ह्यातील सहकारी राजकारणाची बारकाईने केलेली पाहणी या मोजणीत शून्य ठरते. महाराष्ट्रात कला शाखेचे कितीतरी विद्यार्थी राज्यशास्त्र मराठीतून शिकतात. त्यांना जे ज्ञान पोहोचते ते मराठी पाठ्यपुस्तकांतून आणि मराठी लेखांतून. म्हणजे ज्या कामामुळे विभागाला समाजात अर्थ प्राप्त होतो तेच काम विभागाच्या मोजमापात येत नाही.

येथे एका आक्षेपाची दखल घेणे योग्य होईल. मराठीतील सर्व लेखन दर्जेदार असते असे नाही. माहितीची पुनरावृत्ती, संदर्भांची टंचाई आणि घाईने केलेली पुस्तके हे दोष उघड आहेत. तेव्हा मराठीतील सर्व प्रकाशने सरसकट मोजावीत अशी मागणी केल्यास तीही एक आंधळी मोजणी ठरेल. प्रश्न भाषेला गुण देण्याचा नाही. चांगले आणि सुमार यांतील फरक ओळखू शकणारी पद्धत हवी, आणि तो फरक वाचनाशिवाय ओळखता येत नाही, हा मुद्दा आहे.

या संदर्भात 'सर्वेक्षण' या शब्दाचा एक वेगळा वापर लक्षात घेण्यासारखा आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिकशास्त्र संशोधन परिषदेने सामाजिकशास्त्रांतील संशोधनाची सर्वेक्षणे करविली. राज्यशास्त्रावरील अलीकडची मालिका अचिन वनाईक यांच्या प्रमुख संपादनाखाली २०१३ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाली. राज्यसंस्था, लोकशाही, राजकीय विचार आणि भारताचे जगाशी असलेले संबंध अशा क्षेत्रांत काय लिहिले गेले हे अभ्यासकांनी वाचून मांडले. येथे कोणाला क्रमांक दिलेला नाही. तरीही ज्ञानशाखेची स्थिती काय, कोठे काम झाले आणि कोठे पोकळी आहे हे त्यातून कळते. प्रश्नावलीचे सर्वेक्षण आणि वाचनाचे सर्वेक्षण यांना एकच शब्द असला तरी त्यांची कामे भिन्न आहेत. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली की गफलत होते.

७. सर्वेक्षणाची उपयुक्तता आणि काही सूचना

वरील विवेचनावरून विभागांचे सर्वेक्षण करूच नये असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मोजणी नसेल तर अन्यायही दिसत नाही. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनने २००४ मध्ये या ज्ञानशाखेतील स्त्रियांच्या प्रगतीविषयी कार्यशाळा घेतली. पीएच.डी.पर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया वरच्या पदांपर्यंत का पोहोचत नाहीत, हा प्रश्न पदनिहाय आकड्यांशिवाय नेमकेपणाने मांडताच आला नसता. आपल्याकडेही रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील नेमणुका, राखीव जागांची पूर्तता आणि विद्यार्थ्यांची सामाजिक पार्श्वभूमी या बाबी आकड्यांतूनच समोर येतात. या गोष्टी विभागप्रमुखाला निश्चितपणे माहीत असतात व त्या पडताळून पाहता येतात. सर्वेक्षणाने हे विचारावे. 'दर्जा' हा मात्र एका रकान्यात मावणारा गुण नव्हे.

या दृष्टीने काही किमान पथ्ये सुचविता येतील. एक, विभागाची आणि अध्यापकाची व्याख्या प्रश्नावलीच्या आरंभीच द्यावी आणि पूर्णवेळ, कंत्राटी व तासिका तत्त्वावरील अध्यापक तसेच रिक्त पदे यांचे रकाने स्वतंत्र ठेवावेत. दोन, उत्तरदात्याला 'माहीत नाही' असे म्हणण्याची मोकळीक असावी आणि त्या उत्तरांची संख्या प्रसिद्ध व्हावी. तीन, किती विभागांकडे विचारणा झाली, कितींनी उत्तर दिले आणि न देणारे कोणत्या प्रकारचे होते हे प्रत्येक अहवालात नमूद असावे. चार, ग्रंथ, लेख, पाठ्यपुस्तक व अनुवाद यांची नोंद भाषेसह वेगवेगळी व्हावी आणि दर्जाचा निर्णय निवडक लेखन वाचणाऱ्या समव्यावसायिकांकडे सोपवावा. ब्रिटनमध्ये १९८६ पासून होत आलेल्या संशोधन-मूल्यमापनात विषयतज्ज्ञांची मंडळे सादर केलेले लेखन तपासतात. ती पद्धत खर्चिक आहे आणि तिच्यावरही टीका झाली आहे. तरी वाचनाचे तत्त्व तिने सोडलेले नाही. पाच, एकदा दिलेली माहिती सर्व यंत्रणांनी वापरावी आणि गोळा केलेली माहिती विभागांना अभ्यासासाठी परत मिळावी.

८. निष्कर्ष

राज्यशास्त्राने शासनाच्या जनगणनांचा, जातनिहाय नोंदींचा आणि मतचाचण्यांचा अभ्यास करताना वारंवार दाखविले आहे की, वर्गीकरण ही निरुपद्रवी क्रिया नसते. जो रकाने आखतो तो वास्तवाचा काही भाग दृश्य करतो व काही भाग अदृश्य करतो. हेच तत्त्व राज्यशास्त्राच्या विभागांनाही लागू पडते. विभागाची व्याख्या, उत्तरदात्याची निवड, प्रकाशनाची गाळणी आणि उत्तरामागील हितसंबंध या चार जागी घेतलेले निर्णय तपासल्याशिवाय कोणत्याही क्रमांकाला माहितीचा दर्जा देता येत नाही.

मोठ्या विद्यापीठांचे विभाग चुकीच्या मोजणीतूनही तरून जातात. ग्रामीण व निमशहरी भागातील दोन अध्यापकांच्या विभागाला ती सवलत नसते. त्याचा एक रकाना रिकामा राहिला की त्याच्या पदाविषयीच प्रश्न उपस्थित होतो आणि पद गेले की त्या गावातील विद्यार्थ्यांना राज्यघटना व राजकारण पद्धतशीरपणे शिकण्याची संधीही जाते. म्हणूनच माहितीपत्रक भरणे ही केवळ कारकुनी बाब मानून चालणार नाही. ज्या विषयाचे अध्यापक विद्यार्थ्यांना प्रश्नावली कशी तपासावी हे शिकवितात, त्यांनी स्वतःच्या विभागाकडे आलेल्या प्रश्नावलीची तपासणी करणे आणि तिच्यातील सदोष रकान्यांविषयी लेखी अभिप्राय नोंदविणे हे त्यांच्या विषयाच्या शिस्तीला धरूनच होईल.